ओढ्याकाठचा बिनछपराचा देव

कागदोपत्री मी कृषी खात्यात मृदसंधारणाचा पर्यवेक्षक होतो. लोकांनी मला ठेवलेलं नाव मात्र ‘खड्डेसाहेब’. बायकोच्या माहेरीसुद्धा “खड्डेसाहेब जेवायला थांबणार का?” असंच विचारत. सुरुवातीला डोक्यात तिडीक जायची. पुढे पुढे मीच फोनवर “खड्डेसाहेब बोलतोय” म्हणायला लागलो, कारण खरं नाव सांगितलं की समोरचा विचारायचा, “कोण?”

आमचा धंदा बाहेरच्यांना थोडक्यात सांगतो. डोंगरावर पाऊस पडला की पाणी उतरणीला लागतं, वेग धरतं आणि जाता जाता माती घेऊन जातं. त्याला वाटेत अडवायचं, हे आमचं काम. उताराला आडवे, एका पातळीत चर खणायचे. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, तिच्यावर गवत आणि झाडं लावायची. ओघळीत दगड रचायचे, पण सिमेंट लावायचं नाही, म्हणजे पाणी फटींतून झिरपतं आणि गाळ मागे राहतो. यात अवघड काही नाही. फक्त पातळी चुकली की चर फुटतो, खालची शेतं धुऊन निघतात आणि माणसं साहेबाला शोधत घरी येतात. मी बोरी बुद्रुकच्या शेतकऱ्याचा मुलगा, पाण्याची चाल बघायची सवय घरातूनच लागलेली. नोकरीतली उमेदीची वर्षं मढच्या बाजूच्या डोंगरांवर गेली. एकूण बरं चाललं होतं.

मग नव्वदचं दशक संपता संपता माझी बदली एका बाजारगावाला झाली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवरचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले आजी-माजी सरपंच ‘ते काम माझ्या काळातलं’ म्हणून ऐन दिवाळीत एकमेकांशी बोलणं टाकतील.

गावाच्या पश्चिमेला गायरानाची बोडकी टेकडी. तिच्यावरून निघालेला ओढा शाळेच्या मागून बाजारतळाला वळसा घालून खाली उतरायचा. सगळ्यात खाली, ओढ्याच्या वळणावर, कुंभारआळी. पाणलोटाच्या योजनेत फक्त टेकडी होती. डांबरी रस्ता लागला की माझी हद्द संपत होती, पण पाण्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि गाव तर वाढत होतं. कौलं जाऊन स्लॅब आले, अंगणात फरशी आली, जुन्या तळ्याचा खळगा भरून तिथं एस्टीचा थांबा झाला. पाणी मुरायला गावात वीतभर जागा उरली नाही. पाऊससुद्धा पूर्वीचा राहिला नव्हता. जुनी माणसं सांगायची की आधी आठवडा आठवडा भुरभुर चालायची, आता महिनाभर ढग नुसते हिंडतात आणि एका दुपारी सगळं ओतून मोकळे होतात.

मी पहिल्यांदा कुंभारआळीत गेलो, तेव्हा नुकताच पूर ओसरला होता. कच्चं मडकं पाण्यात विरघळतं हे मला ठाऊक होतं, पण घरभर विरघळलेलं पहिल्यांदाच बघत होतो. नवरात्राचे घट करून वाळत ठेवलेले. त्यांच्या जागी मातीचे लोळे पडले होते, एखाद्याचा गळा तेवढा शाबूत. हौसाआक्का नावाची कुंभारीण तो चिखल घमेल्यात भरत होती. साठीला आलेली, अंगाने बारीक, आवाज मात्र अख्ख्या आळीला पुरेल असा.

“तुमीच का ते डोंगराला पानी पाजनारं साहेब?” तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

“मग डोंगराला पाजा की पोटभर. आमच्या घरात कशाला सोडताय?”

तिचा मुलगा दत्तू दारात उभा होता. तो आईला म्हणाला, “आये, म्या सांगतो ते ऐक. पुढच्या साली बी घट भिजलं तर चाक उचलून वड्यात टाकीन आन् चाकणला कंपनीत जाईन. रोज उठून चिखल काय भरायचा?”

“एक पावसाळा थांब,” हौसाआक्का म्हणाली. “येकच.” हे ती मुलाला म्हणाली, पण बघत होती माझ्याकडे. मला त्या बघण्याचा राग आला आणि लाजही वाटली. तिथून मी तडक सरपंचांकडे गेलो.

सरपंच म्हणजे तात्या. कांद्याचे व्यापारी, पोट सुटलेले, मनाने दिलदार आणि डोक्याने पक्के. त्यांनी ओढ्याचा निकाल आधीच लावून ठेवला होता. शाळेपासून कुंभारआळीपर्यंत ओढा सिमेंटच्या मोठ्या पाइपात घालायचा, वरून माती टाकायची आणि त्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचे. मी म्हणालो, “तात्या, पाइपात पाणी आणखी जोरात पळेल. आज कुंभारआळीत गुडघाभर येतं, उद्या कमरेपर्यंत येईल. आणि तुंबलं तर तुमच्या गाळ्यांतसुद्धा.”

“मग तुमचं म्हननं काय?”

“टेकडीवर चर. गावात जिथं जागा मिळेल तिथं पाणी मुरवायचं. ओढ्याचा काठ रुंद करून झाडं लावायची. आणि बाजारतळ खाली घ्यायचा. ओढा भरला की जादा पाणी तिथं पसरू द्यायचं.”

तात्या पोट धरून हसले. “आवो, मी लोकाला काय सांगू? पूर येऊ ने म्हनून मी बाजारात पूर आनतोय? भाऊ, पाइप दिसतो. गाळं दिसत्यात. तुमचं काम दिसत न्हाई. आन् मतं दिसन्याला पडत्यात.”

पण माणूस रोखठोक होता. पाइपाला वरून मंजुरी यायला वर्ष लागणार होतं. तेवढ्या काळात मला काय करायचं ते करायला त्यांनी मोकळीक दिली. येत्या पावसाळ्यात कुंभारआळीत पाणी शिरलं नाही तर पाइप रद्द. शिरलं तर मी टेकडीवर चालतं व्हायचं आणि पुन्हा गावात तोंड घालायचं नाही. मी हो म्हणालो. दोन्ही आया, दत्तूची आणि माझी, त्या दिवशी भेटल्या असत्या तर दोघींनी मिळून मला झोडपलं असतं, एवढं मी एका शब्दात अंगावर घेतलं होतं.

टेकडीचं काम सोपं गेलं. रोजगार हमीच्या मजुरांना त्याची सवय होती. खरी मौज गावात सुरू झाली. डोंगराचं शास्त्र मी जसंच्या तसं गावात आणलं आणि पहिल्याच झटक्यात तोंडावर आपटलो. शाळेच्या मैदानाच्या उतारावर आडवा चर खणला. आठवड्यात मुख्याध्यापक तावातावाने आले. प्रार्थनेच्या वेळी मुलं चरात लपून झोपतात, आणि एक गुरुजी सायकलसकट आत गेले. चर बुजवला आणि मैदानाच्या कडेला झाडांभोवती उथळ, पसरट बशीसारखे खळगे केले. पाणी तेवढंच मुरलं आणि गुरुजी वरच राहिले. तेव्हापासून गावात काही करण्याआधी मी त्या जागेवर दिवसभर नुसता बसून राहायचो. गुरं कुठून जातात, लग्नाचा मांडव कुठं पडतो, मोटारसायकली कुठं लागतात, म्हाताऱ्या कुठं टेकतात, सगळं बघायचो. डोंगरावर एवढ्या गिऱ्हाइकांना विचारावं लागत नाही.

घरांच्या स्लॅबवरचं पाणी वाळूतून गाळून जुन्या आडांत सोडायचं होतं. तिथं दोन शेजारी नडले. एक निवृत्त मास्तर आणि एक पिठाच्या गिरणीवाले. मास्तर म्हणाले, “मी माझ्या आडात पाणी सोडणार आणि जमिनीखालून ते यांच्या बोअरला जाणार. आधी त्यांनी सोडावं.” गिरणीवाले म्हणाले, “मास्तरांचा आड माझ्या खालच्या अंगाला. मीच कशाला आधी सोडू?” दोघांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, हीच पंचाईत. शेवटी दोन्ही घरांचे पाइप एकाच दिवशी, एकाच वेळी जोडले. दोघंही आपापल्या गच्चीवर उभे राहून दुसऱ्याचा प्लंबर बघत होते.

बाजारतळ खाली घेताना व्यापारी खवळले. “खड्डेसाहेबानं बाजाराचा हौद केला,” असं म्हणायला लागले. मी खाली मुरूम चांगला पसरला, चिखल होणार नाही याची काळजी घेतली. ओढ्याच्या काठाला तीन रुंद पायऱ्या काढल्या. खणताना खालच्या पायरीत काळी चिकणमाती निघाली, ती हौसाआक्काने आधी चिमटीत, मग जिभेवर घेऊन बघितली आणि सगळीच्या सगळी दत्तूकडून घरी नेली. पायऱ्यांच्या मधोमध काठाचा एक तुकडा मुद्दाम खाली ठेवला. त्याला आम्ही ‘तोंड’ म्हणायचो. ओढा चढला की पाणी कुंभारआळीकडे जायच्या आधी या तोंडातून बाजारतळावर शिरणार, पसरणार आणि पूर उतरला की तिथूनच सावकाश परत जाणार. सगळी मदार या तोंडावर होती. माती धरून ठेवायला तिथं वाळा, निर्गुडी, वाळुंज आणि करंज लावला. जुना उंबर होताच.

आणि महिन्याभरात सगळ्याचा उकिरडा झाला. शेळ्यांनी निर्गुडी सोडून बाकी सगळं ओरबाडलं. लग्नाच्या पत्रावळी तिथं, कोंबडीची पिसं तिथं, कुणाच्या तरी जुन्या गादीचा कापूस तिथं. मी शिव्या दिल्या. त्या काळात माझं तोंड फार सुटलं होतं. पाटी लावली, तिच्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली. काटेरी कुंपण केलं, ते कुणाच्या तरी अंघोळीच्या बंबात जळालं.

उंबराखाली दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, हिरामावशी बसायची. आहुप्याच्या बाजूची, डोंगरातली. हिरडा, नाचणी, हंगामात करवंदं घेऊन पहाटेच्या गाडीने यायची. तिच्या बसायच्या जागेवरच कचरा यायला लागल्याने ती माझ्याइतकीच चिडलेली. एका गुरुवारी मी तिच्यासमोर बसून डोकं धरलं.

“मावशी, तुमच्या राईत लोक कसं काय काही टाकत नाहीत?”

मी आहुप्याची देवराई बघितली होती. कामावर असताना चहासाठी खाली पडलेली काटकी उचलायला गेलो, तर मजुरांनी हात धरला होता. मैलभर खालून सरपण आणलं, पण राईतली काडी हलू दिली नाही.

“तिथं देव हाय,” मावशी म्हणाली. “हितं कोन हाय? तू? तुला कोन भितंय?”

“मग काय करू?”

तिने हिरड्याची पाटी बाजूला सारली. “देव मी आनते. पर ही उंबराखालची जागा माझी. मी मेल्यावर माझ्या सुनंची. कुनी उठवायचं न्हाई.”

मी शब्द दिला. पुढच्या गुरुवारी तिच्या पाटीत नाचणीच्या पिशवीखाली एक शेंदूर लावलेला गोटा होता. तिने तो बरोबर तोंडाच्या कडेला, उंबराच्या मुळाशी बसवला, नारळ फोडला आणि चढ्या आवाजात सगळ्या बाजाराला सांगितलं, “ह्यो राईचा देव हाय. हितली काडी मोडली, नायतर घान टाकली, तर त्यो आन् तुमी बगून घ्या. मला सांगाय येऊ नगा.”

तो परिणाम मी आयुष्यात विसरणार नाही. आठवड्यात कचरा बंद. बाया येता-जाता तांब्याभर पाणी रोपांना घालायला लागल्या. ज्या शेळ्यांना माझं कुंपण अडवू शकलं नाही, त्यांना त्यांच्या मालकिणी कान धरून मागे ओढायच्या. गावातला एक पक्का पिणारा होता, तोसुद्धा तिथून जाताना चपला हातात घ्यायचा. माझा शिकलेला अहंकार थोडा दुखावला, खोटं कशाला बोलू. पण वाळा फुटला, वाळुंज माणसाएवढा झाला, आणि मी तोंड बंद ठेवलं.

पावसाळा लागला. आषाढ, श्रावण सरळ गेले. ओढा दोनदा वाजला, पण काठातच राहिला. मी छाती पुढे काढून तात्यांकडे गेलो, तर ते म्हणाले, “औंदा पाऊसच कमी हाय, भाऊ.” काही घडलं नाही, हीच आमच्या कामाची खूण. पण न घडलेलं लोकांना दाखवणार कसं?

तेवढ्यात दुसरंच झेंगट उभं राहिलं. देव गावाला पावला होता, आता गाव देवाला पावायला निघालं. मुंबईत धंदा असलेले गावचे एक जावई गणपतीत आले. सगळे त्यांना ‘पावणं’ म्हणत. त्यांनी ओढ्याकाठचा देव बघितला आणि जाहीर करून टाकलं की एवढा जागृत देव उघड्यावर राहणं शोभत नाही. स्लॅबचं देऊळ, पुढे मंडप, खाली गुळगुळीत फरशी आणि ओढ्याच्या बाजूने सिमेंटची भिंत. सगळा भार ते एकटे उचलणार. घटस्थापनेच्या मुहूर्तावर भूमिपूजन. करंज मधे येत होते, ते काढायचे. भिंत येत होती ती बरोबर तोंडावर.

मी धावत तात्यांकडे गेलो. “तात्या, ही भिंत झाली तर पाण्याला बाजारतळावर शिरायला वाट राहणार नाही. सगळं कुंभारआळीत जाईल.”

“आता तर दिसनारं काम मिळालंय, आन् तुमी नगं म्हनताय?” तात्या खरोखर गोंधळले होते. “तुमीच देव बशीवला ना? मग देवाला घर नगं?”

पाइपाशी भांडता येतं. देवळाशी भांडणारा माणूस गावात उभा राहू शकत नाही. मी नकाशे दाखवले, पातळ्या सांगितल्या. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “देव बगंल की साहेब.” हौसाआक्काने नवरात्राच्या घटांना हात घातला होता. दत्तूने चाकणला जाऊन कंपनीच्या फाटकावरच्या माणसाशी बोलून ठेवलं होतं. त्या दोघांच्या घरावरून जायचं मी टाळायला लागलो, लांबच्या वाटेने ऑफिसला जायचो.

पितृपक्षातल्या गुरुवारी हिरामावशी बाजाराला आली. उंबराखाली फरशीचे गठ्ठे आणि चुन्याने आखलेल्या रेघा बघून तिने पाटी खाली आपटली.

“ह्ये कोन बांदतंय?”

पाहुणे तिथंच होते. त्यांनी नम्रपणे सांगितलं. मावशीने कपाळावर हात मारला. “आरं, राईच्या देवाला छप्पर चालत न्हाई! आमच्याकडं कवाच घातलं न्हाई. त्याला वारा लागतो, पानी लागतं. छप्पर घातलंस तर त्यो हितनं उठून जाईल.”

“मावशी, तो तुमचा डोंगरातला देव. हा आता आमच्या गावचा झाला,” पाहुणे म्हणाले.

“गावचा झाला? माझ्या पाटीतनं आलाय त्यो! नाचनीखाली बसून आलाय!”

बाजार थांबला. बघता बघता दोन तट पडले. डोंगरातून येऊन गावात राहिलेली बरीच घरं होती, ती मावशीच्या मागे उभी राहिली. व्यापारी पाहुण्यांच्या मागे. तात्या मधे. शेवटी गुरवाला बोलावलं. त्याने कौल लावायचा. म्हणजे देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा. उजवा आधी पडला तर देऊळ, डावा पडला तर नाही. कुणीतरी शंका काढली की पितरपाटात कौल चालतो का. गुरव म्हणाला, “शुभकार्य करू ने. इचारायला काय हरकत हाय?”

एवढी वर्षं नळीत पाणी भरून पातळ्या काढल्या, आणि आता सगळं एका भिजलेल्या तांदळावर आलं होतं. दत्तू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सकाळी कडक ऊन बघून हौसाआक्काने पत्र्याच्या शेडमधली घटांची भट्टी पेटवली होती आणि त्याला बाजारातून चहा-साखर आणायला पाठवलं होतं. ओढ्यापलीकडे, वळणावरच्या झाडांच्या वर भट्टीचा काळा धूर दिसत होता.

दाणे चिकटवले. सगळा बाजार बघत राहिला. दाणे पडेनात. हवा कोंदट झाली होती, दाण्यांची ओल सुकेना. लोक आधी उभे होते, मग बसले, मग कुणी भेळ आणली. आणि टेकडीच्या मागून ढग आला. पहिले थेंब पडले तेव्हा कुणी हललं नाही, कारण कौल सोडून जाणार कोण? मग आभाळ फाटलंच. क्षणभर समोरचा माणूस दिसेना. सगळे धावत वरच्या रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या पडव्यांत शिरले आणि तिथून बघायला लागले.

ओढ्याचा आवाज बदलला. गेल्या साली ज्या पाण्याने कुंभारआळी धुतली, तसंच पाणी आलं. लालभडक, ओंडके घेऊन. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली गेला, म्हणजे कुंभारआळीची वाट तुटली. दत्तूने माझा दंड धरला.

“साहेब, भट्टी उचलता येत न्हाई. पानी लागलं की धूर येकदम पांढरा फुटतो. त्या धुराकडं बगा.”

आम्ही धुराकडे बघत राहिलो, आणि आम्हाला बघून आणखी लोक तिकडे बघायला लागले. पाणी काठाच्या पहिल्या पायरीवर आलं. वाळ्याचं गवत आडवं झालं, पण सुटलं नाही. दुसऱ्या पायरीवर आलं. वाळुंजाच्या फांद्या त्यात वाकून थडथड नाचत होत्या. आणि मग चुन्याच्या रेघा पुसत, फरशीचे गठ्ठे ओलांडत पाणी तोंडातून बाजारतळावर शिरलं.

“आलं, आलं!” म्हणून ओरडा झाला. मुरमावर ते पसरत गेलं, लांब, रुंद, आणि पसरताना त्याचा सगळा माज उतरला. वर ओढा गर्जत होता आणि इथं टोपल्या नुसत्या तरंगत होत्या. देवाच्या छातीपर्यंत पाणी चढलं. पाऊस ओततच होता. ओढ्याच्या वळणाकडे मात्र पाणी जिथं होतं तिथंच थांबलं होतं, बोटभरही वर सरकत नव्हतं.

“काळाच हाय,” दत्तू म्हणाला. मग मोठ्याने, “धूर काळाच हाय!”

पडवीतला कुणी तरी तेच ओरडला. मग दुसरा. व्यापारी, ज्यांचा बाजार माझ्या हौदात बुडाला होता, तेसुद्धा मान उंचावून धूर बघत होते. तात्या माझ्याजवळ आले, टोपी भिजून कानावर आलेली. ते एकदा बाजारतळाकडे बघायचे, एकदा धुराकडे. मग म्हणाले, “दिसलं बरं का, भाऊ.” मला हुंदका आला. पाऊस होता म्हणून निभावलं.

पाऊस जसा आला तसा गेला. पाणी त्याच तोंडाने हळूहळू परत फिरायला लागलं. हिरामावशी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून आधी देवाकडे गेली. दोन्ही दाणे वाहून गेले होते. गुरव गडबडला, पुन्हा लावू का म्हणाला. मावशीने त्याला हाताने बाजूला केलं. “त्याची आंगूळ झाली ती बगितली न्हाईस? छपराखाली कुनी अशी आंगूळ करतं व्हय?” पाहुणे भले माणूस. त्यांनी चपला काढल्या, पाण्यात उतरून देवाला हात जोडले आणि फरशी शाळेला दिली. पाइपाचा विषय तात्यांनी पुन्हा काढला नाही, मी होतो तोवर तरी नाही. पुढे आणखी दोन गावांत मी असंच करून बघितलं. एका गावात जमलं. दुसऱ्यात माझी बदली झाल्यावर ओढा पाइपात गेला, आणि तिकडून एस्टी गेली की मी अजून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतो. पण त्या गुरुवारी हे काही माहीत नव्हतं. त्या दिवशी मला सगळ्या जगाचे ओढे मोकळे करावेसे वाटत होते.

साकव उघडा पडल्याबरोबर दत्तू धावत सुटला आणि त्याच्या मागे मी. आळीच्या तोंडाशी ओढ्याचा चिखल होता, पण पहिल्या घराचा उंबरा कोरडा होता. हौसाआक्का पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीसमोर बसलेली. पावसाच्या आवाजात तिला पलीकडचं काही कळलंच नव्हतं. ओढा चढून उतरला, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. आम्हाला चिखलाने माखलेले बघून ती उठली.

“येवढा येळ? च्या कुटाय माझा?” मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. “का रं? कौल लागला का? कुनाला लागला?”

“आपल्याला,” दत्तू म्हणाला आणि भट्टीत लाकडं सारायला बसला.